राखणदाराचे देणे

घराच्या राखणीसाठी कुत्रा पाळावा की दारा-खिडक्यांना अलार्म बसवावा, हा प्रश्न पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात बहुधा खर्चाचा आणि सोयीचा म्हणून विचारला जातो, आणि त्याला कारणही आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतील पाळ्यांमुळे कित्येक घरांत रात्री कर्ते माणूस नसते. २०१३ साली विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या सुरू झाल्यापासून पहाटे मुंबईकडे निघून रात्री उशिरा परतणे अनेकांच्या अंगवळणी पडले आहे. आणि गणपतीत किंवा होळीला भाड्याच्या खोल्यांतील कुटुंबे गावी गेली की दारामागून दार कुलूपबंद दिसते. मात्र या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो धर्मविचाराचा आहे: स्वतःच्या भयाचे ओझे दुसऱ्या जिवावर टाकण्याचा अधिकार माणसाला आहे काय, आणि असल्यास त्या बदल्यात तो काय देणे लागतो? येथे ‘धर्म’ हा शब्द पंथ या अर्थाने नव्हे, तर ज्याच्या योगे जीव एकमेकांना धारण करतात असा कर्तव्यांचा संबंध, या जुन्या अर्थाने घ्यावयाचा आहे.

राखणीचे काम आणि राखणदाराचा हक्क या दोन गोष्टी मराठी समाजात पूर्वापार जोडलेल्या होत्या. गावगाड्यात रात्री गस्त घालणाऱ्यास जागल्या म्हणत, आणि त्याचा वाटा बलुत्यातून, म्हणजे पिकातून काढून दिल्या जाणाऱ्या ठरावीक हिश्श्यातून निघे. ही व्यवस्था जातीने बांधलेली होती, जो रात्रभर गावासाठी जागे त्यालाच दिवसा ती वेशीबाहेर ठेवी, आणि तिचे गोडवे गाण्याचे काहीही कारण नाही. तरीही जो दुसऱ्यासाठी जागतो त्याचे काही देणे असते, एवढी कबुली तिला द्यावीच लागली होती. अलार्म या कबुलीतून माणसाला मोकळे करतो. त्याची रचना साधी असते: दारावर एक चुंबक आणि चौकटीत एक कळ बसवलेली असते, दार उघडून ती एकमेकांपासून दूर गेली की विजेचे मंडल बदलते आणि भोंगा वाजतो, खोलीत बसवलेला सेन्सर उष्ण देहाच्या हालचालीने बदलणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची प्रारणे, टिपतो. वीज गेली तर बॅटरीवर तो काही काळ तग धरतो. त्याला भूक नाही, त्याला थंडी वाजत नाही, आणि म्हणूनच त्याच्याबाबत कोणाच्याही हातून पाप घडू शकत नाही. हा अलार्मचा सर्वात मोठा नैतिक गुण आहे, आणि त्याची चर्चा क्वचितच होते.

कुत्र्याच्या बाबतीत हे देणे किती बारकाईने मोजले गेले आहे हे पाहायचे असेल, तर याच किनाऱ्यावर शतकानुशतके नांदलेल्या जरथुश्त्री धर्माकडे वळावे लागते. डहाणू, घोलवड आणि बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांत इराणी आणि पारशी कुटुंबे आजही आहेत, तारापूरचे नाव तर कित्येक पारशी घराण्यांनी आडनाव म्हणून धारण केले आहे, आणि आज उदवाड्यात असलेला पवित्र अग्नी संकटकाळी काही वर्षे बहरोटच्या डोंगरातील लेण्यांत लपवून ठेवला होता अशी परंपरा आहे. या धर्माच्या ‘वंदिदाद’ या ग्रंथात, ज्यात शुद्धी आणि प्रायश्चित्त यांचे नियम आहेत, तेरावे प्रकरण जवळजवळ पूर्णपणे कुत्र्याला वाहिलेले आहे. तेथे राखणदार कुत्र्यांचे प्रकार वेगळे केले आहेत: ‘पसुश-हौर्व’ म्हणजे गुरांची राखण करणारा, आणि ‘विश-हौर्व’ म्हणजे वस्तीची व घराची राखण करणारा. परमेश्वर अहुर मज्दाने कुत्र्याला त्याच्याच अंगचे वस्त्र आणि त्याच्याच पायांची पादत्राणे देऊन, जागरूक आणि तीक्ष्ण दातांचा असा निर्माण केला, आणि या दोन कुत्र्यांच्या आधाराविना पृथ्वीवर एकही घर उभे राहिले नसते, असे तो ग्रंथ मानतो.

परंतु त्या प्रकरणाचे खरे मोल या स्तुतीत नसून तिच्यापाठोपाठ येणाऱ्या हिशेबात आहे. गुरांच्या कुत्र्याला निकृष्ट अन्न घालणे हा पहिल्या प्रतीच्या घराच्या धन्याला निकृष्ट अन्न वाढण्याइतका अपराध ठरवला आहे, घराच्या कुत्र्याला तसे अन्न घालणे हा मधल्या प्रतीच्या घराच्या धन्याच्या अपमानाइतका, आणि ज्याला ठरलेले काम नाही अशा भटक्या कुत्र्याच्या बाबतीतली चूक ही दारी आलेल्या धर्मपुरुषाला वाईट वाढण्याइतकी. म्हणजे राखणदार हा घराचे साधन नव्हे, तर घराच्या धन्याच्या पंक्तीला बसणारा आहे, आणि ज्याच्याकडून राखणीची अपेक्षाच नाही त्यालाही पंक्तीबाहेर ठेवलेले नाही. अंत्यविधीतील ‘सगदीद’ या संस्कारात, म्हणजे मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी दाखवण्याच्या विधीत, डोळ्यांवर दोन ठिपके असलेला ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा श्रेष्ठ समजला जातो. आणि वैदिक परंपरेतही यमाचे दोन कुत्रे चार डोळ्यांचेच आहेत. वैश्वदेवाच्या वेळी, म्हणजे शिजलेल्या अन्नातून घरच्यांनी जेवण्यापूर्वी इतरांचे भाग काढण्याच्या नित्यकर्मात, श्याम आणि शबल या यमाच्या श्वानांच्या नावे बळी ठेवला जातो. दोन भावंड परंपरांना उंबरठ्यावरचा कुत्रा जीवन-मरणाच्या सीमेवरचाही राखणदार वाटला, ही गोष्ट योगायोगाची म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

देण्याचा विचार असा झाला. परंतु राखणीत ओळखीचाही प्रश्न आहे, आणि तो अधिक अवघड आहे. अलार्मला ओळख नसते. घरची मांजर, सेन्सरसमोर आलेली पाल आणि चोर हे त्याच्या लेखी हालचालच असतात, आणि जाणकार त्याची संवेदनशीलता कितीही जुळवत असले तरी तो हालचाल पाहतो, हेतू पाहत नाही. कुत्रा याहून पुष्कळ वरच्या पायरीवर आहे, कारण त्याला आपले आणि परके कळते. पण आपले आणि परके कळणे म्हणजे सज्जन आणि दुर्जन कळणे नव्हे, आणि हा भेद ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील पंचावन्नाव्या सूक्ताने नेमका पकडला आहे. त्या सूक्तात देवांची कुत्री सरमा हिच्या वंशातील कुत्र्याला चोरावर आणि दरोडेखोरावर भुंकायला सांगून, इंद्राची स्तुती करणाऱ्यांवर का भुंकतोस असे विचारले आहे, आणि शेवटी त्याला झोपी जाण्याची विनवणी केली आहे. एका कथेनुसार वसिष्ठ रात्री वरुणाच्या घरी शिरले असता धावून आलेल्या कुत्र्याला त्यांनी याच सूक्ताने निजवले. सूक्ताचा मूळ विनियोग कोणताही असो, राखणदार चुकीच्या माणसावर भुंकतो ही अडचण तेव्हाही ठाऊक होती.

पालघरमध्ये ही अडचण रोज फाटकापाशी येते. पावसाळ्यात रानभाज्यांची टोपली घेऊन पाड्यावरून उतरलेली आदिवासी बाई, भंगार गोळा करणारा मुलगा, कामाच्या शोधात परप्रांतातून आलेला आणि घोटभर पाणी मागणारा मजूर, यांच्यावर कुत्रा भुंकतो. मोटारीतून उतरलेल्या नीटनेटक्या पाहुण्यावर तो लवकर शांत होतो, कारण घरच्यांचे ताठरलेले किंवा सैलावलेले अंग तो वाचत असतो. भयापोटी पाळलेला कुत्रा मालकाच्या मनातील संशयाचे वळण उचलतो आणि मालकाला जे उघड बोलण्याची लाज वाटली असती ते भुंकून सांगतो. तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला देव मानावयास सांगितले आणि फाटकावरील पाटीने प्रत्येक येणाऱ्याला कुत्र्यापासून सावध केले, या दोहोंचा मेळ बसवल्याशिवाय कुत्र्याच्या बाजूने निर्णय देता येत नाही.

मेळ बसवण्याचा एक मार्ग सर्रास अवलंबला जातो, तो साखळीचा, आणि तोच सर्वात वाईट आहे. तत्त्वार्थसूत्रात जैन गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणारी उल्लंघने, सांगितले आहेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. बारमाही साखळीला जखडलेल्या, कान कापलेल्या, रागीट राहावा म्हणून अर्धपोटी ठेवलेल्या राखणीच्या कुत्र्याचे वर्णन करण्यासाठीच ही यादी केली असावी, इतकी ती तंतोतंत लागू पडते. अतिभार या शब्दात तर पूर्ण घराचे भय एका जिवावर लादण्याचाही समावेश करता येईल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तो मालकाचा गुन्हा मानला आहे. साखळीतला कुत्रा म्हणजे भूक लागणारा अलार्म होय, आणि ज्याला एवढेच हवे आहे त्याने भूक न लागणारा अलार्म घ्यावा, हे येथे निःसंकोच म्हटले पाहिजे. इस्लामी धर्मशास्त्रात शिकार, गुरे आणि शेती यांच्या राखणीसाठी कुत्रा ठेवण्यास मुभा आहे, आणि अनेक शास्त्रकारांनी घराची राखण त्याच न्यायाने ग्राह्य धरली आहे. पण कामाविना केवळ हौसेसाठी तो ठेवू नये असे त्यांचे म्हणणे आहे. वंदिदाद भटक्यालाही पंक्तीत घेतो, तर हे शास्त्र कामाची अट घालते. तरीही कुराणातील गुहावासीयांच्या कथेत त्यांच्याबरोबरचा कुत्रा गुहेच्या उंबरठ्यावर पाय पसरून बसलेला आहे, आणि त्याची गणना त्या सत्पुरुषांसह केली जाते.

डोंगराच्या बाजूस प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीत वाघोबाचे देवस्थान आहे, आणि वारली समाजात वाघदेवाची पूजा ही रानाच्या धन्याशी केलेल्या कराराची पूजा आहे: त्याला त्याचे दिले म्हणजे त्याने गुराढोरांना आणि माणसांना सांभाळावे. बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य असते, म्हणून जंगलालगतच्या घराबाहेर रात्री बांधलेला कुत्रा राखण करीत नसून, पळण्याचा मार्ग नसलेले आमिष होऊन बसतो. वारली दृष्टीत मात्र राखणदार कोण आणि ज्याच्यापासून राखायचे तो कोण, हे दोन टोकांना नसतात; ज्याचे भय, त्याच्याशीच नाते जोडले जाते. सुरक्षेच्या आजच्या कल्पनेला हा विचार परका आहे, कारण ती भयाच्या कारणाला दूर ठेवते, त्याच्याशी बोलत नाही.

भयाचे कारण दिसतच नसेल तर काय, हा प्रश्न तारापूरला विशेष लागू आहे. १९६९ पासून येथे अणुवीज केंद्र चालू आहे, त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, शेजारी रसायनांचे कारखाने आहेत, आणि २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसत आले. किरणोत्सर्ग, वायू आणि जमिनीखालची हालचाल यांना पायरव नसतो. त्यांच्यासाठी यंत्रेच जागी राहू शकतात, आणि तेथे भोंग्याला पर्याय नाही. पण न दिसणाऱ्या भयाची सवय झालेले मन चोराच्या बाबतीतही तसेच वागू लागते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, टाळेबंदीच्या काळात चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा पसरलेल्या असताना, दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने ठार मारले. त्या रात्री जाग होती आणि इशाराही पोहोचला होता. समोर कोण उभे आहे हे ओळखण्याची तयारी तेवढी नव्हती. कुत्रा असो वा अलार्म, दोघेही माणसाला जागे करण्यापलीकडे काही करू शकत नाहीत, आणि जागा झालेला माणूस पुढे काय करील हे त्यांच्या हाती नसते.

महाभारताच्या आरंभी, आदिपर्वात, राजा जनमेजयाच्या यज्ञसत्राच्या ठिकाणी त्याच सरमेचा मुलगा, एक कुत्रा, येतो. राजाचे भाऊ त्याला मारतात. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, चाटले तर मुळीच नव्हते. निरपराध लेकराला मारल्याबद्दल सरमा शाप देते, आणि तो शाप रोगाचा किंवा मृत्यूचा नाही: न दिसणारे भय तुझ्यावर येईल, एवढेच ती म्हणते. उंबरठ्यावर आलेल्या निरपराधाला चोर समजणे आणि न दिसणाऱ्या भयात जगणे, यांचा कार्यकारणसंबंध ग्रंथकाराने येथे जितका स्पष्ट सांगितला तितका फारच थोड्यांनी सांगितला असेल. आणि त्याच ग्रंथाच्या अखेरच्या भागात युधिष्ठिर स्वर्गाच्या दारी ज्या कुत्र्याला सोडण्यास नकार देतो, त्याने कशाचीही राखण केलेली नाही, तो केवळ सोबत चालत आलेला आहे. जनमेजयाने मात्र त्या शापानंतर पहारा वाढवला नाही, सैन्य बोलावले नाही. हे भय दूर करू शकेल असा पुरोहित तो शोधत फिरला, आणि अखेर सोमश्रवा नावाचा एक तरुण तपस्वी त्याला मिळाला, ज्याला त्याच्या पित्याने एका अटीवर पाठवले. त्या तरुणाचे एक गुप्त व्रत होते: कोणी ब्राह्मणाने काहीही मागितले तरी तो ते देऊन टाकीत असे, आणि राजाला ते चालणार असेल तरच त्याने त्याला घरी न्यावे. जनमेजयाने ती अट मान्य केली.