दांपत्याचा प्रवास आणि सुखाची मर्यादा

गृहस्थाश्रमातील दोघांनी व्रत, नवस किंवा तीर्थ यांचे कोणतेही निमित्त नसताना केवळ सुखासाठी दूरदेशी जावे काय, आणि जायचे झाल्यास त्या सुखाची मर्यादा कोणी व कोणत्या आधाराने आखावी, हा प्रश्न धर्मविचारात नवा नाही. जळकोट तालुक्यासारख्या कोरडवाहू मुलखात मात्र तो आता हिशोबाच्या वहीत उतरू लागला आहे. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे हाती येतात, तूर निघेपर्यंत कामाचा रेटा थोडा ओसरतो, उदगीर आणि बिदरमार्गे एका दिवसात हैदराबाद गाठता येते, आणि २००८ साली तेथे शमशाबादचा विमानतळ सुरू झाल्यापासून श्रीलंका किंवा थायलंड हे देश शिक्षक, दुकानदार वा बेताच्या बागायतदार कुटुंबाच्या विचारकक्षेत आले आहेत. हिवाळ्यात उन्हासाठी परदेशी जाण्याची चाल मूळची उत्तर युरोपातील असून, डिसेंबरात जेथे दिवसाचा उजेड सात-आठ तासांवर येतो त्या प्रदेशातील माणसाला ऊन ही खरोखरची गरज असते. जळकोटच्या माणसाला उन्हाची वाण कधीच नव्हती. तो जे शोधतो ते समुद्र, अनोळखी गाव आणि नेमाच्या कामातून काही दिवसांची सुटका असे असते, आणि म्हणूनच त्याच्या बाबतीत या सुखाला आधार काय, हे अधिक काळजीने तपासावे लागते.

भारतीय विचारात सुखाला मुळातच स्थान नाही, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चार पुरुषार्थांत, म्हणजे माणसाने साधावयाच्या चार प्रयोजनांत, काम हा स्वतंत्रपणे मोजलेला आहे, आणि काम म्हणजे केवळ देहसंबंध नसून इंद्रियांना व मनाला रुचणाऱ्या सर्व अनुभवांची इच्छा होय. कौटिल्याने धर्म आणि अर्थ यांना बाध न आणता कामाचे सेवन करावे व सुखावाचून राहू नये असे राजाला सांगितले आहे, तर भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात धर्माला विरोधी नसलेला काम हे ईश्वराचेच रूप मानले आहे. त्याहून महत्त्वाचा आधार विवाहविधीत सापडतो. धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींच्या बाबतीत मी हिला ओलांडून जाणार नाही, अशी प्रतिज्ञा वराकडून करवून घेतली जाते. धर्माच्या बाबतीत ही प्रतिज्ञा पाळली जाते असे दिसते, कारण पूजेला व श्राद्धाला पत्नी शेजारी लागते. अर्थाच्या बाबतीत ती अनेकदा मोडते. आणि कामाच्या बाबतीत तिची आठवणही बहुतेक घरांत उरत नाही. दोघांचा सुखाचा प्रवास अर्थ आणि काम यांच्या नेमक्या सीमेवर येतो, त्यामुळे त्याची आखणी करताना ती जुनी प्रतिज्ञा खऱ्या अर्थाने कसोटीला लागते.

या दृष्टीने पद्मपुराणाच्या भूमिखंडातील कृकल नावाच्या वाराणसीच्या वैश्याची कथा विचारात घेण्याजोगी आहे. त्याची पत्नी सुकला त्याच्यासोबत तीर्थयात्रेला निघू इच्छीत होती, पण वाटेचे कष्ट, ऊन आणि भूक तिच्या सुकुमार देहाला सोसणार नाहीत असा विचार करून तो तिला न सांगता एकटाच गेला, सर्व तीर्थे करून परतू लागला, आणि तेव्हा त्याला आपले पितर बांधलेल्या स्थितीत दिसले. पत्नीवाचून केलेली यात्रा निष्फळ ठरली, असे साक्षात धर्माने त्याला सांगितले. कृकलाच्या मनात दुष्टपणा नव्हता, माया होती, आणि तरीही तो दोषी ठरला, कारण तिच्या वतीने निर्णय त्याने घेतला. पत्नीला झेपणार नाही, तिला विमानाची भीती वाटेल, तिला परक्या देशातले जेवण रुचणार नाही, असे तिला न विचारताच ठरवणाऱ्या आजच्या प्रेमळ पतीला ही कथा जशीच्या तशी लागू पडते.

परंतु मराठी मनावर कृकलाहून कितीतरी खोल ठसा पुंडलिकाचा आहे, आणि तो उलट दिशेने साक्ष देतो. लोककथेतील पुंडलिक काशीच्या वाटेवर पत्नीची हौस पुरवतो आणि वृद्ध आई-वडिलांना पायपीट करायला लावतो. पुढे कुक्कुट ऋषींच्या आश्रमात डोळे उघडल्यावर तो मागे फिरतो, आई-वडिलांच्या सेवेत रमतो, आणि दाराशी आलेल्या विठ्ठलालाही विटेवर थांबवतो. वारकरी परंपरेत वाढलेल्या घरात जोडप्याने एकटे फिरायला जाण्याबद्दल जी अपराधी भावना असते तिचे मूळ येथे आहे. आई-वडिलांची काशी व्हायची असताना मुला-सुनेने समुद्रकिनारा गाठावा, हे त्या घराला खटकते. तरीही कथा बारकाईने वाचली तर पुंडलिकाचा दोष पत्नीला सुख देण्यात नव्हता, ते सुख इतरांच्या पायांवर उभे केले होते यात होता. कृकलाने पत्नीला ओलांडले, पुंडलिकाने आई-वडिलांना. दोन्ही कथा मिळून प्रवासाला नव्हे, तर कोणाला तरी ओलांडून केलेल्या प्रवासाला हरकत घेतात. समुद्रयानाचा निषेध मात्र आज कोणाच्या वाटेत येत नाही. बौधायनाने समुद्रप्रवासाला पातकांत गणले आणि पुढे कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात टाळावयाच्या आचारांच्या यादीत, त्याचा समावेश झाला, पण १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या त्या काळातच तो बंध सैल होऊ लागला होता, आणि आता त्याची चर्चा इतिहासापुरती उरली आहे.

मर्यादेचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्याचे सर्वांत कठोर आणि सर्वांत उपयोगी उत्तर जळकोटपासून फार दूर नसलेल्या कल्याणात, आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, बाराव्या शतकात दिले गेले. बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांच्या विचारात कायक आणि दासोह या दोन कल्पना जोडीने येतात: कायक म्हणजे प्रामाणिक श्रमाने केलेली उपजीविका, जी पूजेच्या बरोबरीची आहे, आणि दासोह म्हणजे त्या श्रमाचे फळ नम्रतेने समाजाला वाटणे. लातूर-नांदेडच्या लिंगायत घरांत हा विचार आजही जिवंत आहे, आणि कपिलधारच्या मन्मथस्वामींसारख्या संतांमुळे वीरशैव परंपरा मराठीतही रुजली. या शरणांत आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य होते. सांडलेले तांदळाचे दाणे वेचणे हे मारय्याचे कायक होते, आणि त्यावर त्यांचा संसार व दासोह दोन्ही चालत. एके दिवशी मारय्याने रोजच्याहून जास्त तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्माने जास्तीचे तांदूळ नेऊन परत टाकायला त्याला सांगितले. इतकी हाव राजांना शोभते, शरणांना नव्हे, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता.

या कथेचे वैशिष्ट्य असे की पुरेसे किती, हे येथे पत्नी ठरवते आणि पती ते मान्य करतो. विवाहातील प्रतिज्ञेचा अर्थाच्या क्षेत्रातील इतका स्वच्छ प्रत्यय क्वचितच आढळतो. सहलीच्या आखणीला ही कथा लावली तर पहिला निष्कर्ष कर्जाविषयी निघतो. आधी फिरा आणि पैसे हप्त्याने फेडा, अशी सोय आता सहज मिळते, परंतु कायकाच्या दृष्टीने ते अजून न सांडलेले दाणे आजच घरी आणण्यासारखे आहे, आणि ज्या मुलखात एका पावसाच्या ताणाने वर्षाचे गणित कोसळते तेथे पुढच्या हंगामावर आज सुख भोगणे हे केवळ अव्यवहार्य नसून स्वतःच्याच मुलांना ओलांडणे होय. साध्या छत्तीस पानी पासपोर्टचे प्रत्येकी १५०० रुपये येथपासून ते तिकीट, मुक्काम व परतीच्या गाडीपर्यंतचा सारा खर्च दोघांनी एका वहीत मांडावा आणि आधीच शिल्लक पडलेल्या पैशांतून तो भागतो काय ते पाहावे, ही वरवर व्यावहारिक वाटणारी कृती म्हणून धर्मविचाराच्या बाहेरची नाही.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. कायक हीच पूजा असेल तर विश्रांतीला जागा कोठे, आणि लक्कम्मा या सहलीलाच जास्तीचे तांदूळ म्हणाली नसती काय? या आक्षेपाचे उत्तर ग्रंथापेक्षा या भागातील हिवाळ्याच्या सणात अधिक स्पष्ट दिसते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला नांदेड जिल्ह्यातील माळेगावात खंडोबाची यात्रा सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या अमावास्येला लातूर, नांदेड व धाराशिवकडील गावे येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, साजरी करण्यासाठी शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पांडवांची आणि लक्ष्मीची पूजा होते, ज्याला शेत नाही त्यालाही आग्रहाने बोलावले जाते, आणि उभ्या ज्वारी-हरभऱ्याच्या रानात माणसे थंडीतल्या उन्हात पंगतीला बसतात. हिवाळी उन्हाचा आनंद या मुलखाने आपल्या परीने केव्हाच साधलेला आहे, त्यासाठी रुपयाही फारसा लागत नाही, आणि तो आनंद वाटून घेतला जातो, हे त्याचे मोठेपण निर्विवाद आहे. पण भज्जीच्या शेंगा व भाज्या निवडणे, आंबील लावणे, उंडे आणि खीर करणे हे काम आदल्या दिवसापासून बायका करतात, रात्र त्यातच जाते, आणि सकाळी तेच डोक्यावर घेऊन त्या रानात पोहोचतात. सणाच्या दिवशीही गृहिणीचे कायक थांबत नाही. उलट ते दुप्पट होते. यात्रेतही तीन दगडांची चूल तिच्याच वाट्याला येते.

म्हणून विश्रांती ही चैन आहे की गरज, याचे उत्तर कोणाची विश्रांती हे विचारल्यावाचून देता येत नाही. ज्या स्त्रीच्या आयुष्यात विवाहानंतर एकही दिवस चुलीवाचून गेला नाही तिच्यासाठी, जेथे स्वयंपाक तिचा नाही अशा गावी काढलेले चार-पाच दिवस हे मोजून घेतलेल्या दाण्यांपैकीच आहेत, जास्तीच्या नव्हे. दूर जाण्याचे समर्थनही यातूनच मिळते: जवळच्या नातेवाइकांकडे गेले तरी ती पुन्हा त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहते, तर परक्या देशात ती केवळ पाहुणी असते. स्वस्ताईसाठी सोबत शेगडी व शिधा नेऊन खोलीत तिच्याचकडून रांधून घ्यायचे असेल, तर त्या सहलीचा मूळ आधारच नाहीसा होतो; त्याऐवजी एक मुक्काम कमी करून जेवण बाहेर घेणे अधिक न्याय्य ठरेल.

लातूरच्या माणसाने आणखी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या शहराची तहान भागवावी लागली, त्या जिल्ह्यातील दांपत्याने पोहण्याचा खासगी तलाव हाच ज्याचा मुख्य डौल आहे अशा हॉटेलात पैसे द्यावेत, हे त्याच्या स्वतःच्या अनुभवाशी विसंगत आहे. घराच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर सहज सापडतात. तेथे दर कमी असतो आणि पैसा थेट कष्टकऱ्याच्या हाती पडतो, जे दासोह नसले तरी त्याच्या दिशेचे आहे. ऋतूचे भानही हवे. ईशान्य मोसमी वारे मधल्या डोंगरांनी अडवल्यामुळे बेंटोटा, गॉल, मिरिस्सा हा नैर्ऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च कोरडा असतो, तर बालीत नेमका तोच काळ पावसाचा असतो आणि स्वस्त तिकिटाच्या मोहाने गेलेल्यांना खोलीत बसावे लागते. नाताळ व नववर्षाच्या पंधरवड्यात सर्वत्र दर चढतात आणि जानेवारीच्या मध्यानंतर उतरतात; तोपर्यंत बहुतेक वर्षी येळवस होऊन गेलेली असते, तूर घरात आलेली असते, मजुरांचे देणे फिटलेले असते आणि आई-वडिलांजवळ कोण राहणार हे बहीण-भावांत बोलून ठरवायला अवधी मिळतो. हे देणे आणि हे बोलणे आधी, तिकीट नंतर, असा क्रम दोघांनी मिळून पाळायचा की नाही, यावरच त्या प्रवासाचे धर्म्य असणे अवलंबून आहे. आणि वहीत बेरीज झाल्यावर आकडा शिल्लकेच्या पुढे गेला, तर पुरेसे किती हे सांगण्याचा पहिला अधिकार लक्कम्माचा आहे.