टीकाकाराच्या उशाशी

गेल्या पावसाळ्यात हायकू-वाचनाच्या एका कार्यक्रमात अध्यक्षांनी ठासून सांगितले की हायकू म्हणजे ध्यानातून आपसूक उमललेले फूल. चिकित्सेचा हात लागला की ते कोमेजते, टीकाकाराने तिथे पाऊलच टाकू नये. सभागृहाने माना डोलावल्या. मी गप्प बसलो, आणि ते गप्प बसणे मला अजून टोचते. तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर आज देतो आहे.

ज्या शब्दाची त्या दिवशी आरती चालली होती, तो 'हायकू' हा शब्दच एका टीकाकाराने रूढ केला. मासाओका शिकी त्याचे नाव. त्याच्याआधी होते ते होक्कू, म्हणजे अनेक कवींनी मिळून गुंफायच्या साखळी-काव्यातले पहिले कडवे. साखळी-काव्य हे साहित्यच नव्हे, असा निवाडा देऊन शिकीने ते कडवे तोडून स्वतंत्र उभे केले. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, तो या तोडण्यानंतरचा.

हा माणूस १८६७ साली शिकोकू बेटावरच्या मात्सुयामात एका सामुराई घराण्यात जन्मला. १८८९ मध्ये खोकल्यातून रक्त पडले, तेव्हा त्याने 'शिकी' हे नाव घेतले. रक्त ओके​पर्यंत गाते अशी ज्या पक्ष्याची ख्याती, त्या कोकीळकुळातल्या पक्ष्याचे हे नाव. विद्यापीठ अर्धवट सोडून १८९२ मध्ये तो 'निप्पॉन' वृत्तपत्रात लागला. पुढच्याच वर्षी होक्कूचा थोर कवी बाशो याच्या मृत्यूच्या द्विशताब्दीला भक्त बाशोची पूजा मांडत असताना याने लिहिले की बाशोच्या बहुतेक रचना सामान्य आहेत. त्याच सुमारास, इतक्या थोड्या अक्षरांच्या जुळण्या मोजक्याच असणार, तेव्हा हायकू लवकरच संपेल, असा गणिती हिशेबही त्याने मांडला. हिशेब मांडून तो हात झटकून बसला नाही. शेकडो वर्षांच्या रचना गोळा करून विषयवार लावण्याचे प्रचंड काम त्याने चालू ठेवले आणि स्वतः वीस हजारांहून अधिक हायकू लिहिले. संपेल अशी खात्री असलेल्या गोष्टीवर एवढी मेहनत करणारा माणूस तिचा शत्रू असतो का?

मला सर्वांत मोलाची वाटतात ती १८९८ मधली त्याची दहा पत्रे, 'निप्पॉन'मध्ये तान्का या जुन्या जपानी काव्यप्रकाराच्या कवींना उद्देशून छापलेली. दहाव्या शतकाच्या आरंभी सम्राटाच्या आज्ञेने सिद्ध झालेला 'कोकिनशू' हा संग्रह हजार वर्षे अभिरुचीचा मापदंड मानला गेला होता. शिकीने लिहिले की त्याचा प्रमुख संपादक त्सुरायुकी वाईट कवी आहे आणि संग्रह टाकाऊ. पहिल्याच कवितेतला नव्या-जुन्या वर्षाचा शब्दखेळ त्याला पोरकट वाटला. पण त्याच पत्रांत त्याने हेही कबूल केले की काही वर्षांपूर्वीपर्यंत आपणही याच संग्रहाचे भक्त होतो. या कबुलीवर माझा जीव आहे. आधी स्वतःची भक्ती तपासून मग दुसऱ्याच्या दैवताला हात घालणे, ही टीकेची सचोटी. जुन्या मापदंडाच्या जागी ठेवायला त्याच्याकडे तत्त्वही होते, चित्रकार नाकामुरा फुसेत्सूच्या सहवासात गवसलेले 'शासेइ' : समोर आहे ते पाहा आणि रेखाटा.

इथवर मी टीकाकाराची वकिली करत आलो. पण त्याची खासगी रोजनिशी वाचताना ती वकिली लंगडी पडते. पाठीच्या कण्यात क्षय उतरलेला, तोक्योतल्या नेगिशीच्या घरात कूसही धड वळवता येत नाही, जखमा वाहताहेत. त्या जखमांवरचे पट्टे बदलणारी धाकटी बहीण रित्सू. आणि १९०१ च्या सप्टेंबरात तिच्याविषयी तो लिहितो की ही हट्टी आहे, हिला सहानुभूती म्हणून नाही, लाकूड-दगडासारखी आहे. समोर आहे ते पाहा म्हणणाऱ्याला उशाशी बसलेली बहीण दिसली नाही. त्सुरायुकीवर चालली तीच सुरी, पण इथे समोरच्याला उत्तर द्यायला वृत्तपत्र नव्हते. हे वाचून मी वही मिटली. अध्यक्ष बरोबर असतील, असेही क्षणभर वाटले.

पण नोंदी तिथे थांबत नाहीत. लगेच पुढे तो तिची कामे लिहितो : परिचारिका तीच, स्वयंपाकीण तीच, घर चालवणारी तीच, आपली लेखनिकही तीच. ती एक दिवस नसेल तर आपण जगणार नाही. तिच्याविषयीचा राग तो खोडत नाही, त्याच्याशेजारी हे मांडतो. हायकू टीकेने मरतो म्हणणाऱ्यांना मी आता त्सुरायुकीवरची पत्रे दाखवणार नाही, ही पाने दाखवीन. आदल्या वाक्यावर पुन्हा नजर टाकायला लावते ती हीच चिकित्सा, आणि ध्यानाच्या नावाखाली आपण तिलाच दाराबाहेर ठेवतो.

१८ सप्टेंबर १९०२ च्या सकाळी त्याने शेवटचे तीन हायकू लिहिले. विषय अंगणातल्या वेलावरचे घोसाळे. त्याच्या वेलाचे पाणी कफावर देत असत. शिष्य हेकिगोतोने हातात कुंचला दिला. मध्यरात्रीनंतर, १९ तारखेला, शिकी गेला; वय ३४. उताण्या पडलेल्या माणसाला लिहिता यावे म्हणून कागद लावलेली फळी कोणीतरी समोर धरायला हवी होती. ती रित्सूने धरली होती.