स्वीकारणे म्हणजे मान्यता देणे का?



काही दिवसांपूर्वी मिस्सानंतर डोंबिवलीची एक माता आम्हाला भेटली. सगळे जाईपर्यंत ती थांबून राहिली होती. तिच्या मुलाने घरी सांगितले होते की, त्याला मुलींविषयी नव्हे, मुलांविषयी ओढ वाटते. वडील संतापले. मुलगा आता कल्याणला मित्राच्या खोलीवर राहतो. "फादर, त्याला घरी बोलावलं तर आम्ही पापाला मान्यता दिली असं होईल का?" तिने विचारले.

प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर देताना गुन्हा, पाप आणि ओढ या तीन गोष्टींची गल्लत होता कामा नये.

प्रथम गुन्हा. कलम ३७७ खाली समलिंगी संबंध गुन्हा ठरत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दोन प्रौढांनी संमतीने ठेवलेले संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल दिला. नीतीच बुडाली, असे काहींना वाटले. परंतु मानवी कायदा प्रत्येक दोषावर बंदी घालत नाही, मुख्यतः इतरांना इजा करणाऱ्या दोषांवर घालतो, हे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच मांडले होते. ख्रिस्तसभेने समलिंगी व्यक्तींना कधीही गुन्हेगार मानलेले नाही, असे मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी २०१३ मध्येच सांगितले होते.

आता पाप आणि ओढ. पाप इच्छेने घडते. न मागता आलेली ओढ हे पाप नव्हे. विवाह स्त्री-पुरुषांचा आणि शरीरसंबंधांचे स्थान विवाहात, ही ख्रिस्तसभेची शिकवण कायम आहे. पण अशा व्यक्तींचा आदराने व करुणेने स्वीकार करावा, त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करू नये, हेही तीच धर्मशिक्षा सांगते. पहिले वाक्य आपल्याला पाठ असते, दुसरे मात्र आपण सोयीने विसरतो.

घरातल्या माणसाचे सगळे वागणे पटले तरच आपण त्याला ताट वाढतो का? हुंडा घेणाऱ्या जावयाचाही आपण मान राखतो! मग पोटच्या मुलालाच दार बंद का? प्रभू येशू जक्कयच्या घरी आधी गेला. जक्कय बदलला तो नंतर. आणि जक्कयने तर लोकांना लुबाडले होते. या मुलाने फक्त खरे सांगितले.

घराने टाकले की काय होते, हे लोकलने फिरणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे. डब्यात टाळी वाजवत येणाऱ्या तृतीयपंथीयांपैकी कित्येकांना घर सोडावे लागलेले असते. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, पण बंद झालेले दार तेच. उलट ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांना आईवडिलांनी टाकले नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख दिली, त्या खटल्यात आपल्या समाजाची बाजू मांडणाऱ्यांत त्या होत्या.

आम्ही त्या मातेला म्हणालो, "रविवारी त्याला जेवायला बोलवा. वाद नको, उपदेशही नको." तो आला. वडील अजून फारसे बोलत नाहीत, पण एकाच पंगतीला बसतात.

उद्या तो आपल्या चर्चमध्ये आला, तर आपण बाकावर सरकून त्याला जागा देऊ का? याचे उत्तर न्यायालय देणार नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू