जय पचवणं



आजचा श्लोक: गीता, अध्याय २, श्लोक ३८. सुख-दुःख, लाभ-हानी, जय-पराजय सारखेच मानून लढ, मग पाप लागणार नाही, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. आपण यातून 'हरलो तरी खचू नये' एवढंच घेतो. पण जयसुद्धा पचवावा लागतो, हे निसटून जातं.

आपल्या सोलापूरचंच बघा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य इथून नळदुर्गच्या दिशेने निघालं. १७ तारखेला निजामाने हार मानली. पाच दिवसांत सत्ता बदलली! म्हणून वाटतं, क्रांती युद्धानेच होते.

पण त्याच्या दहा वर्षं आधीपासून, १९३८ च्या सत्याग्रहापासून, स्वामी रामानंद तीर्थ नावाच्या एका संन्याशासोबत लोक तुरुंगात जात होते. आणि युद्धानंतर? जहागिऱ्या १९४९ मध्ये रद्द झाल्या, कुळकायदा १९५० मध्ये आला, लोकांनी निवडलेलं सरकार १९५२ मध्ये. निजाम तर १९५६ पर्यंत राजप्रमुख होता. आमच्या भाषेत सांगतो: जुना सर्व्हर एका रात्रीत बंद करता येतो, माणसं नव्या सिस्टिमवर यायला वर्षं लागतात.

आता अवघड भाग. सैन्य जिंकल्यावर मराठवाड्यात आणि आसपास सूड सुरू झाला. रझाकारांशी काही संबंध नसलेले साधे मुसलमान मारले गेले. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही.

मग युद्ध चुकीचं होतं का? मला तसं वाटत नाही. रझाकार गावं लुटत, जाळत असताना हात बांधून बसणं धर्म नव्हता. पण युद्ध जुलमाचा हात धरू शकतं, एवढंच. न्याय नंतर माणसांनाच करावा लागतो. महाभारतही कुरुक्षेत्रावर थांबत नाही. पुढे स्त्रीपर्वातला आक्रोश आहे, आणि मग भलंमोठं शांतिपर्व, जिथे जिंकलेला युधिष्ठिर राज्य कसं करायचं ते शिकतो.

समत्वाची खरी परीक्षा जिंकलेल्याची असते. हातात ताकद आहे, मनात जुना राग आहे आणि समोर निरपराध माणूस आहे. तेव्हा काय करतो आपण?

येत्या १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांना वंदन करूच. त्याच हातांनी त्या निरपराधांसाठीही क्षणभर प्रार्थना करूया.

रामकृष्णहरी 🙏