नाजूक कुणाची कातडी?
धुण्याची पावडर हा नीतीचा प्रश्न आहे, हे आम्हाला बी.कॉम.ला कुणी शिकवलं नाही. 1969 साली अहमदाबादेत निर्मा निघाली आणि स्वस्त पावडर घरोघर गेली. तिच्यातला सोडा मळाबरोबर कातडीचं तेलही नेतो, हे आपण मान खाजवत शिकलो. डॉक्टर म्हणाले, बिनवासाची घ्या, शिवाय कपडे आणखी एका पाण्यातून काढा.

आता बघा, सदऱ्यात उरलेल्या कणभर पावडरीनं माझी मान खाजते. मावशींचे हात रोज तासभर त्याच फेसात. तरी नाजूक कातडी माझी! आणि आखाडा बाळापुरात उन्हाळ्यात ते जास्तीचं पाणी हापशावरून आणायचं कुणी? जमेला माझी मान, नावे त्यांचे हात.

नवा पुडा दाखवला. भेगाळली बोटं पदराला पुसत मावशींनी हुंगला.

"वासच नाही? मग धुतलं हे कळावं कसं, साहेब?"