सर्वस्व कशाला म्हणायचं?

विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचं असतं. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात त्यावरून वाद निघतो : सर्वस्वात काय काय येतं? आईवडील देता येतील? राजाला पृथ्वी देता येईल? उत्तर स्पष्ट आहे, नाही. आईबापांवर आपली मालकी नसते, आणि राजा भूमीचा राखणदार, धनी नव्हे. जे स्वतःचं, तेच देता येतं.

पुस्तकांची पानं लावण्याचं माझं काम. वडील खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. ऑफसेट आल्यावर त्यांनी टाइपाच्या केसेस गावाकडच्या एका छापखान्याला देऊन टाकल्या. माझ्या संगणकातलं मी कुणाला काय देणार? २०१३ साली अडोबी कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. २०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकी निर्बंधांपायी व्हेनेझुएलातली सगळी खाती बंद करण्याची घोषणा त्यांनी केली. सरकारी परवाना मिळाल्यावर ती मागे घेतली, पण तोवर तिथल्या चित्रकारांनी केलेलं कामच त्यांच्या हातून सुटायला आलं होतं. २०२२ मध्ये जुन्या फायलींतले पँटोन या रंगप्रमाण ठरवणाऱ्या कंपनीचे बरेच रंग वेगळी वर्गणी न भरणाऱ्यांना काळे दिसू लागले.

पूर्वीच्या सीडीवरही कागदोपत्री वापराचाच परवाना असे, हे मान्य. पण हप्ता थांबला म्हणून ती बंद पडत नसे. एकरकमी पैसे नसलेल्या मुलाला महिन्याच्या पैशांत धंदा सुरू करता येतो, हेही खरं.

मग कुणी विचारतं, हा अपरिग्रहच नव्हे का? देहसुद्धा चार दिवसांचा, तिथे सॉफ्टवेअरची मालकी कशाला हवी? मला हे अजिबात पटत नाही. मृत्यू सगळ्यांकडून सारखंच परत घेतो, दर वाढवत नाही, अटी बदलत नाही. आणि अपरिग्रह म्हणजे हातात असलेलं आपण होऊन सोडणं. ज्याच्या हातात काही ठेवलंच नाही त्याला विरक्त म्हणणं ही त्याची फसवणूक आहे. त्याची आसक्ती उलट वाढते, दर महिन्याच्या तारखेला बांधली जाते. त्यातून दानाचा अधिकारही जातो, आणि माझ्या लेखी हे नुकसान पैशांहून मोठं आहे.

म्हणून नव्या पुस्तकांची पानं मी आता स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लावतो. जोडाक्षरं तपासायला वेळ जातो, सफाई कमी आहे. पण शिकायला येणाऱ्या मुलीला मी ते पेनड्राइव्हवर घालून दिलं. तिने ते पुढे कुणालाही द्यावं, परवान्याची त्याला पूर्ण मुभा आहे.