पाणी हिरवं, पण कुणामुळे?

हिवाळ्यात ईशान्येकडची थंड, कोरडी हवा उत्तर अरबी समुद्रावरून वाहते. वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली जातं, घुसळण होते आणि खोलातली पोषकद्रव्यं उजेडात येतात. त्यांवर वनस्पती प्लवक फोफावतं. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा वाटा या तरंगत्या सूक्ष्मजीवांचा आहे. त्यांतल्या प्रोक्लोरोकॉकस या जिवाणूचा 1980 च्या दशकापर्यंत कुणाला पत्ताही नव्हता. उष्ण समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात त्याच्या पेशी लाखाच्या घरात असू शकतात.

अशा आकड्यांनी माणूस दिपतो. मला मात्र त्याहून मोठा वाटतो तो या प्लवकातल्या कामाच्या वाटणीचा प्रश्न. हिवाळ्यातल्या या बहरात पूर्वी डायटमांचा वरचष्मा असे. सिलिकाचं कवच असलेलं हे एकपेशीय शेवाळ. बारीक प्राणी त्याला खातात, त्यांना मासे खातात. तारली तर डायटम थेट गाळून खाते. जे खाल्लं जात नाही, त्यातलं काही कवचाच्या वजनाने बुडतं आणि हवेतून घेतलेला कार्बन खोल नेतं.

या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे हिरव्या नॉक्टिल्यूकाचे दाट थर दिसू लागले. हा जीव डायटम खातो, शिवाय पोटात हिरवं शेवाळ बाळगून त्याच्या अन्नावरही जगतो. त्याला खाणारे मुख्यतः सॅल्प आणि जेलीफिश. मासळीपर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. मूळच्या गोव्याच्या हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी 2014 साली याचा संबंध वर सरकणाऱ्या कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला. कारणांबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, आणि ते असणं योग्यच आहे. पण अन्नसाखळीचा पहिलाच दुवा बदलला, तर पुढे कुणाच्या ताटात काय येईल, हा प्रश्न ओमानपासून कोकणापर्यंतच्या मच्छीमारांचा आहे.

उपग्रहाला वरून पाण्याचा हिरवेपणा दिसतो. मासळी कुठे मिळेल याचे अंदाज मच्छीमारांना दिले जातात, त्यांतही हा हिरवेपणा पाहतात. तो डायटमांचा की नॉक्टिल्यूकाचा, हे खात्रीने ठरवायला मात्र पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. बंदरावर उतरलेल्या मासळीची नोंद आपण ठेवतो. तितक्याच नेमाने, वर्षानुवर्षं, किनाऱ्यालगतच्या प्लवकाचीही जातवार नोंद व्हायला हवी, आणि त्यासाठी सरकारने कायमचा पैसा द्यायला हवा.